शोधायला गेलो एक, हाती लागली पणजी

आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. तुमच्या पणजोबांचं नाव काय? बहुतेकींना सांगता येईल. ते जुन्या सात-बाऱ्यावर असतं, भाऊबंदांच्या बोलण्यात येतं, वाटणीच्या वेळी तर हमखास निघतं. आता दुसरा प्रश्न. तुमच्या पणजीचं नाव काय? आणि ती कोणत्या गावची लेक?

गटाच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारतो तेव्हा आधी सगळ्या गप्प होतात. मग कुणी म्हणतं, "तिला सगळे थोरलीच म्हणायचे." कुणी म्हणतं, "सासरचं नाव ठाऊक आहे, माहेरचं नाही." वंशावळीचा कागद काढला तर त्यात बापापासून लेक, लेकापासून नातू अशी पुरुषांची ओळ सरळ खाली येते. त्यांना जन्म देणाऱ्या बाया त्या कागदावर नसतात.

तरीही त्या सापडतात. आणि गंमत अशी की बऱ्याचदा आपण त्यांना शोधत नसतो तेव्हा सापडतात. कर्जाच्या बोज्याचा कागद काढायला जावं आणि त्यात आजेसासूचं नाव निघावं. माळ्यावरचा हंडा कल्हईला काढावा आणि त्याच्या काठावर कुणाचं तरी नाव कोरलेलं दिसावं. अशा अवचित सापडण्याबद्दल आज बोलू. ते का घडतं, कुठे घडतं, आणि ते आपल्या बाबतीत घडावं म्हणून काय करता येतं.

नशीब की नजर?

अवचित चांगलं काही सापडण्याला इंग्रजीत ‘सेरेंडिपिटी’ म्हणतात. हा शब्द होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज लेखकाने 1754 साली एका पत्रात घडवला. सेरेंदीप म्हणजे आपल्या शेजारच्या श्रीलंकेचं जुनं नाव. तिथल्या तीन राजपुत्रांची एक जुनी गोष्ट आहे. वाटेने जाताना त्यांना दिसतं की रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं आहे. त्यावरून ते ओळखतात की इथून गेलेला उंट एका डोळ्याने आंधळा होता. उंट त्यांनी पाहिलेलाही नसतो आणि ते त्याला शोधतही नसतात. पण जाता जाता डोळे उघडे असतात.

घराण्याच्या शोधातही हेच होतं. कागद हजार जण चाळतात. ज्याला फक्त आपल्या आजोबांची ओळ हवी असते, तो ती ओळ बघून पान उलटतो. जी बाई शेजारची ओळही वाचते, तिला काहीतरी जास्तीचं मिळतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली जुनी दप्तरं उघडायला लावत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि पुढे एकूण 22 खंड झाले. कुठल्या घरात काय निघेल हे त्यांना आधी ठाऊक नसे. पण दारात गेल्याशिवाय निघणार नाही, एवढं मात्र ठाऊक होतं.

कागद दुसऱ्याच कामाचा

बाईचं नाव जपावं म्हणून जुन्या काळी कुणी वही ठेवली नाही. पण दुसऱ्याच कामासाठी केलेल्या कागदात तिचं नाव लिहावं लागलं, कारण त्याशिवाय ते काम होत नव्हतं. अवचित सापडतं ते इथेच.

जुना सात-बारा बघा. एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरं असतात. म्हणजे ‘अज्ञान पालनकर्ता’. बाप लवकर गेला, पोर लहान होतं, म्हणून त्याच्या वतीने सांभाळणाऱ्याचं नाव सरकारने लिहून घेतलं. पुष्कळ ठिकाणी पुढे लिहिलेलं असतं, ‘आई’, आणि मग आईचं नाव. तरुणपणी विधवा झालेल्या, पदरात लहान पोर असलेल्या आपल्या पणजीचं नाव असं तीन अक्षरांच्या आडोशाला बसलेलं असतं.

दुसरी खूण ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ ही. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी. इथे थोरल्या भावाचं एकट्याचंच नाव दिसतं आणि वाटतं की जमीन त्याचीच होती. पण सात-बाऱ्यावर नावाजवळ गोल केलेला जो आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार काढला, तर मयताच्या मागे कोण कोण राहिलं ते त्यात मिळू शकतं. त्यात लेकींची नावंही असू शकतात. फेरफार म्हणजे गाव नमुना 6. शिवाय ‘इतर हक्क’ हा रकानाही सोडू नका. पुष्कळ गावांत लेकींची आणि विधवांची नावं मुख्य रकान्यात न घालता तिकडे घातलेली आहेत. आणि कंस केलेलं नाव खोडलेलं समजून पुढे जाऊ नका. कंस म्हणजे ते नाव पुढे कमी झालं. आधी ते होतं, हाच आपला धागा.

पहिलं बाळंतपण माहेरी

जन्माची नोंद शोधताना पुष्कळ जण हात हलवत परत येतात. पूर्वी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये होत. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. आजोबांच्या गावचं कोतवाल बुक पालथं घातलं तरी आजोबांचा जन्म त्यात नाही, अशी तक्रार आपण ऐकतो. पुरुष मंडळी तिथे थांबतात. पण आपल्याला हे सांगायला कुणी पंडित नको, की पहिलं बाळंतपण माहेरी होतं. थोरल्या मुलाचा जन्म बापाच्या गावात शोधून कसा मिळेल? तो त्याच्या आजोळच्या कोतवाल बुकात असणार.

म्हणजे पणजीचं माहेर कळलं, तर आजोबांची नोंद सापडण्याची वाट उघडते. ज्या बाईला वंशावळीत जागा नव्हती, तिच्या माहेरच्या गावावर सगळा शोध येऊन थांबतो. एक लक्षात ठेवा. बाळाचं बारसं व्हायच्या आधीच नोंद होत असे, म्हणून पुष्कळदा तिथे बाळाचं नाव नसतं. नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव असतं. तेव्हा नाव शोधू नका, बापाचं नाव आणि साल शोधा.

न शिकलेल्या आत्याचा दाखला

आमचा कार्यक्रम ऐकणाऱ्या एका ताईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या लेकीला पुढच्या शिक्षणासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या त्या तारखा. ताईंचं प्रकरण शेवटच्या तारखेतलं. सासऱ्यांचा शाळेतला दाखला मिळेना, कारण जनरल रजिस्टरच्या त्या पानांना वाळवी लागलेली. शिपाई दुसरी वही शोधायला गेला होता. ताई बसल्या बसल्या समोरची वही चाळत राहिल्या. ती मुलींच्या नोंदीची वही होती. त्यात त्यांना आपलं आडनाव दिसलं. बापाचं नाव सासऱ्यांच्या बापाचं. म्हणजे ती सासऱ्यांची बहीण! जात लिहिलेली, आणि साल 1967 च्या आधीचं.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला पुरावा अशा प्रकरणात चालतो, आणि लेकीच्या आजोबांची बहीण त्याच रक्ताची. तो उतारा वंशावळीसह प्रकरणाला जोडता आला. पण ताईंना जास्त नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. घरात सगळे म्हणायचे, ती आत्या कधी शाळेत गेलीच नाही. वहीत लिहिलं होतं, ती दुसरीपर्यंत गेली होती. मग नाव काढलं होतं.

दाखला शोधताना आपण आजोबा, चुलत आजोबा असेच विचारतो. आत्या आठवत नाही, कारण ती लग्न होऊन गेली. पण शाळेत ती लग्नाच्या आधी गेली होती, बापाच्या नावाने.

हंडा, पत्रिका आणि ओवी

आता कचेरीतून घरात येऊ. घरातला सर्वांत मजबूत दस्तऐवज कोणता? तांब्या-पितळेचं भांडं. त्याला वाळवी लागत नाही. आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. मामाने दिलेली परात, मावशीने दिलेला गडू. त्यावर नाव असतं, कधी गावही असतं, कधी साल. माळ्यावरची जुनी भांडी मोडीत घालण्याआधी एकदा चिंचेने घासून काठ आणि बूड बघा. एका भांड्यावरून पणजीचं माहेर कळू शकतं.

तशीच लग्नपत्रिका. आपण ती एका लग्नापुरती वाचतो आणि टाकून देतो. पण कोण कुणाचा मामा, कोण काका, कुणाचं गाव कोणतं, हे सगळं तिच्यात छापलेलं असतं. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदांत, देवाच्या पोथीत खूण म्हणून ठेवलेल्या पानात अशा पत्रिका मिळतात. देवघरातले टाक बघा. कुलदैवत कुठलं, यावरून घराणं मूळ कुठून आलं याचा अंदाज बांधता येतो. म्हाताऱ्या बायांच्या हातावरचं गोंदण विचारा. तिथेही कधी भावाचं, कधी नवऱ्याचं नाव असतं.

आणि ओवी. जात्यावर बसून बायांनी भावाचं नाव घेतलं, माहेरच्या गावाचं नाव घेतलं, लेकाला घेतलं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी कितीतरी कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव त्यांनी सोबत लिहून ठेवलं. पुढे त्या ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर आल्या. कित्येक बायांचं नाव कुठल्या दप्तरात नसेल, पण त्या संग्रहात आहे. तुमच्या तालुक्याचं नाव तिथे टाकून बघा.

तीर्थाच्या वह्या आणि समुद्रापारची रजिस्टरं

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, पैठण, काशी, गया अशा ठिकाणी क्षेत्रोपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते वही काढतात. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजी-आजोबा यांची नावं घ्यावी लागतात. म्हणून या वह्यांत बायांची नावं मिळायची शक्यता बरी असते. कुणी राख घेऊन गेलेलं असतं, त्याने सोबत घरातल्या सगळ्यांची नावं सांगितलेली असतात.

पण हेही सांगायला हवं की ही वही सगळ्यांसाठी नव्हती. ज्यांना देवळाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांची नावं या वह्यांत शोधून मिळणं कठीण. ज्यांना जमीन नव्हती त्यांना सात-बाराही नाही. त्या घरांनी शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, गिरणीतले जुने कागद, पलटणीत असलेल्या आजोबांचं पेन्शनचं पुस्तक यांच्याकडे वळावं. फौजेच्या कागदात बायकोचं नाव वारस म्हणून लिहिलेलं असतं. ख्रिस्ती घरांत चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं नाव मिळतं. मुसलमान घरांत निकाहनाम्यावर नवरीचं नाव आणि तिच्या बापाचं नाव असतं.

कोकणातल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. 1834 पासून इंग्रजांनी मॉरिशसला उसाच्या मळ्यांत कामासाठी आपले मजूर करारावर नेले. साडेचार लाखांच्या घरात माणसं गेली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचीही होती. ते जिथे उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा आहे. तिथे प्रत्येकाला क्रमांक दिला, आणि नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव लिहून घेतलं. पुढच्या काळात फोटोही काढले. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. ती मालकाच्या हिशेबासाठी केलेली होती, मजूर पळून गेला तर ओळखता यावा म्हणून. पण त्यात बाईचा क्रमांक वेगळा आणि नाव तिचं स्वतःचं. गावी जिच्या नावाची कुठे नोंद नव्हती, ती तिथे फोटोसह सापडू शकते. आज तिकडची मराठी मंडळी हेच कागद घेऊन कोकणात आपलं गाव शोधत येतात. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं गावाचं नाव लिहिलेलं असतं. असं कुणी तुमच्या वाडीत आलं, तर घरातल्या म्हाताऱ्या बाईला पुढे बोलवा. गावाचं जुनं नाव तिलाच ठाऊक असतं.

सापडलं की लगेच नाचू नका

एकाच नावाच्या दोन-तीन बाया एका गावात असायच्या. म्हणून सापडलेलं नाव आपलंच, असं ठरवण्याआधी दुसऱ्या कागदाशी ताडून बघा. बापाचं नाव, गाव, साल, यांतल्या निदान दोन गोष्टी जुळायला हव्यात. लग्नात नाव बदलतं, तेव्हा माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही शोधा. 1950 च्या आधीचे पुष्कळ कागद मोडीत असतात, मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दूत. मोडी वाचून देणारे लोक आहेत, मोडीचे वर्गही चालतात. गटातली एखादी शिकणारी मुलगी त्या वर्गाला पाठवली तर अख्ख्या गावाचं काम होईल. काही जिल्ह्यांचे जुने सात-बारे, फेरफार आणि कोतवाल बुकं शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर चढवलेली आहेत. बाकीच्यांसाठी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करावा लागतो. अस्सल कागद कुणा दलालाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

आणि जे सापडेल ते नेहमी गोडच असेल असं नाही. आजोबांची पहिली बायको निघेल, जिचं नाव घरात कुणी काढलं नाही. दोन वर्षांचं होऊन गेलेलं मूल निघेल. दत्तक, पाट, सोडचिठ्ठी निघेल. ते चव्हाट्यावर आणायचं नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला आधी विचारायचं, ती सांगेल तेवढं ऐकायचं.

कधी कधी सापडलेल्या नावाला पैशाचंही मोल असतं. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकासारखा जन्मापासून हक्क मिळाला. 2005 ला वडील हयात असायलाच हवेत अशी अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. वारसनोंदीत लेकीचं नाव सुटलं असेल तर ते नुसतं विसरणं नसतं, त्यात तिची जमीन जाते. म्हणून वारसांचा अर्ज होताना आणि हक्कसोडपत्रावर अंगठा देताना, कागदात कोणाकोणाची नावं आहेत हे मोठ्याने वाचून घ्या.

आपल्या नातींना नशिबावर सोडू नका

आपल्या पणज्या आपल्याला अवचित सापडतात, कारण कुणी त्यांना मुद्दाम लिहून ठेवलं नाही. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर त्यांच्या नावानंतर आईचं नाव लिहायचं असं शासनाने ठरवलं आहे. त्या मुलांना आईचं नाव शोधत फिरावं लागणार नाही. पण त्याआधीच्या आपण सगळ्यांचं काय? ते काम आपल्यालाच करायचं आहे.

येत्या बैठकीत हप्त्याचं काम आटोपलं की एक शंभर पानी वही काढा. प्रत्येकीने दोन पानं घ्यायची. पहिल्या पानावर स्वतःचं माहेरचं पूर्ण नाव, सासरचं नाव, जन्मगाव, शाळा कोणती आणि कितवीपर्यंत. मग आई, तिचं माहेर. मग आजी, तिचं माहेर. दोन्हीकडच्या. जिथे अडेल तिथे रिकामी जागा सोडा, खोटं भरू नका. दुसऱ्या पानावर घरात काय आहे ते लिहा, कुठल्या भांड्यावर कुणाचं नाव, कुठली पत्रिका, कुठला जुना कागद. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहा. आणि सत्तरीच्या पुढच्या बाया असतील, त्यांच्याकडे आधी जा. मोबाइलवर त्यांचा आवाज भरून घ्या. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

मग बघा, एकीच्या वहीतलं गाव दुसरीच्या आजीचं माहेर निघतं. शेजारी बसून दहा वर्षं बचत केलेल्या दोघी आतेमामेबहिणी निघतात. तसं काही तुमच्या गटात निघालं, तर केंद्रावर कळवा. ज्यांची हरकत नसेल, त्यांच्या पणज्यांची नावं आम्ही पुढच्या कार्यक्रमात मोठ्याने वाचून दाखवू.